वाचकांचे प्रश्न : बिलातले कास्टिंग आणि पुण्याची नोकरी

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. बी. कॉम. झाल्यावर बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, कार्यालयात लागले. बिले करणे, मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन ई-वे बिल काढणे, जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी नोंदी जुळवणे हे माझे काम असून पगार १९ हजार रुपये आहे. वडील वीटभट्टीवर जातात. दिवसभरात किती विटा पाडल्या हे त्यांना संध्याकाळी समोर दिसते. मला मात्र संगणक बंद केल्यावर आज आपण काय केले ते सांगता येत नाही. रात्री जेवायला बसावे तर 'गाडी भरली, ई-वे बिल काढा' असा मेसेज येतो. शाळा मराठी माध्यमाची होती. कन्नड बोलता येते, पण वाचताना अडखळते, त्यामुळे कन्नड पत्र आले की दुसऱ्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहावे लागते. आता पुण्यात बिलिंगचीच, २७ हजारांची नोकरी चालून आली आहे. राहण्या-जेवणाला ११ हजार लागतील असे तिथली मैत्रीण सांगते. आई म्हणते, घाई करू नकोस. मी काय करावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या आईचे म्हणणे मला पटते, पण घर सोडू नये म्हणून नव्हे. तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वडिलांच्या विटांविषयीचे आहे, आणि तो प्रश्न पुण्याला जाऊन सुटणारा नाही, कारण तिथेही तुमच्यापुढे न पाहिलेल्या मालाची बिलेच येणार आहेत. मीही उमेदवारीच्या काळात अशाच कार्यालयात हिशेब लिहिले आहेत, म्हणून पहिला सल्ला अगदी साधा देतो. ज्या दिवशी ओतकाम असेल त्या दिवशी सुपरवायझरांची परवानगी घेऊन, पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा घालून, शॉपमध्ये जाऊन उभ्या राहा.

रेतीच्या साच्यांच्या रांगा लावलेल्या असतात, भट्टीतला सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमानाचा धातूचा रस लॅडलमध्ये, म्हणजे मोठ्या पळीत, घेतला जातो आणि तो निवायच्या आत एकामागून एक साचे भरत जावे लागते. नंतर साचा फोडल्यावर जो तुकडा बाहेर येतो तो रेतीने माखलेला आणि रनर-रायझरच्या, म्हणजे रसाच्या वाटांत गोठलेल्या धातूच्या, शेपट्या लोंबणारा असतो. त्या तोडून, घासून, म्हणजे फेटलिंग करून मगच तो तुमच्या बिलातले 'कास्टिंग' होतो. साच्यातील वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नसेल तर आत पोकळी राहते, ती वरून दिसत नाही, आणि गिऱ्हाइकाकडे मशीनवर चढल्यावर ब्लोहोल उघडा पडतो. मग माल परत येतो आणि तुमच्या टेबलावर डेबिट नोट, म्हणजे त्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, येते. आजवर तुम्ही त्या नोटेतील फक्त आकडा पाहिला असेल. एकदा तो सच्छिद्र तुकडा हातात घेऊन पाहिलात, की कोणत्या नगाचे रिजेक्शन कोणत्या महिन्यात वाढले याचा एक तक्ता स्वतःहून ठेवावा असे तुम्हाला वाटू लागेल. तसा तक्ता ठेवा. त्यासाठी लागणारे कागद तुमच्याच हाताखालून जातात, आणि मालकांपुढे पगारवाढीचा विषय काढताना त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

तुमचे काम दिसत नाही असे तुम्ही म्हणता, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. उद्यमबागेतून हुबळीला माल गेला तर बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन कर लागतात, आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावरच्या कोल्हापूरला गेला तर आयजीएसटी हा आंतरराज्य विक्रीचा एकच. राज्याची हद्द कुठे आहे हे भट्टीवरच्या माणसाला ठाऊक असण्याची गरज नाही, पण तुम्हाला ते प्रत्येक बिलात ठरवावे लागते. तुमच्याकडून कर चुकीच्या रकान्यात गेला तर योग्य कर पुन्हा भरून चुकीचा परत मागण्याची वेळ कारखान्यावर येते आणि गिऱ्हाइकाला त्या कराची मिळणारी वजावट, म्हणजे क्रेडिटही, अडकून पडते. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे आणि २० तारखेपर्यंत कर भरण्याचे विवरणपत्र बिनचूक गेले, तर त्या महिन्यात दुसऱ्या गावच्या कुणाचे तरी पैसे तुमच्यामुळे अडकले नाहीत. ही लहान गोष्ट नव्हे, आणि तुम्ही ती लहान समजू नये असे मला मनापासून वाटते.

रात्रीच्या मेसेजविषयी थोडक्यात सांगतो. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. मालाचा, किमतीचा आणि गिऱ्हाइकाचा तपशील पहिल्या भागात येतो, तो बिल तयार झाल्याबरोबर दिवसाच भरता येतो. गाडीचा क्रमांक दुसऱ्या भागात येतो. पहिला भाग भरताना वाहतूकदाराचा आयडी टाकला असेल तर दुसरा भाग वाहतूकदार स्वतः भरू शकतो, आणि त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. बिलाची वैधताही दुसरा भाग भरल्यापासूनच मोजली जाते, त्यामुळे दिवसा पहिला भाग भरून ठेवल्याने काहीही वाया जात नाही. गाडी रात्री भरत असेल तर क्रमांक टाकायला तुम्हाला जेवणावरून उठवण्याचे कारण उरत नाही. ही पद्धत सुरू करण्याविषयी मालकांशी कामाच्या वेळेत, शांतपणे आणि तक्रारीचा सूर न लावता बोला. बहुतेक ठिकाणी ही सवय पडलेली असते ती केवळ कुणी दुसरी पद्धत सुचवली नाही म्हणून.

कन्नडचा विषय आपल्या भागात काढला की ऐकणारा आधी बोलणाऱ्याची बाजू कोणती ते तपासतो, म्हणून माझी बाजू सांगून टाकतो. मराठी शाळा टिकाव्यात, मराठी माणसाला कागदपत्रे मराठीत मिळावीत, ही मागणी रास्त आहे आणि ती सोडावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण तुम्ही दुसऱ्याच्या टेबलापाशी पत्र घेऊन उभ्या राहता, तेव्हा त्या मागणीचे बळ वाढत नाही; तुमचा संकोच तेवढा वाढतो. दिवसाच्या शेवटी येणाऱ्या थकव्यात या संकोचाचा वाटा मोठा आहे, असे तुमचे पत्र वाचताना मला सतत जाणवत राहिले. तुम्हाला भाषा येते, अडते आहे ते फक्त अक्षरापाशी. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे, ळसुद्धा दोन्हीकडे आहे. ए आणि ओ यांची ऱ्हस्व रूपे तेवढी कन्नडमध्ये वेगळी लिहितात, आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन खाली येते. खानापूरहून येताना मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग ही नावे रस्त्यावरच्या पाट्यांवर कन्नडमध्ये रोज तुमच्या समोरून जातात. नाव आधीच ठाऊक असल्यामुळे अक्षर ओळखणे सोपे जाते. तिथून सुरुवात करा आणि मग घरी येणारे हेस्कॉमचे वीजबिल ओळीने वाचा. कार्यालयात आलेल्या पत्राचा विषय आणि शेवटची तारीख या दोन ओळी स्वतः वाचून मगच दुसऱ्याला विचारायचे, एवढा नियम पाळलात तरी वर्षभरात चित्र बदलेल.

आता पैशांचे पाहू. २७ हजारांतून ११ हजार वजा केले की १६ उरतात, त्यातून शहरातला प्रवास आणि गावी ये-जा करण्याचे भाडे जाईल. इथे कर्नाटकातील महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून राज्य परिवहनच्या साध्या बसला तुम्हाला तिकीट लागत नाही आणि जेवण घरचे आहे. म्हणजे १९ हजार मिळवणारी तुम्ही २७ हजार मिळवणाऱ्या तुमच्यापेक्षा आज जास्त शिल्लक टाकू शकता. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचाही विचार करा. या योजनेची पगाराची मर्यादा २१ हजार आहे. सध्या तुमच्या पगारातून पाऊण टक्का, म्हणजे सुमारे १४३ रुपये कापून तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचाराची सोय मिळते. २७ हजारांवर ती राहणार नाही. वडिलांची स्वतःची कमाई असल्यामुळे ते त्यात बसतात की नाही हे ईएसआय कार्यालयात विचारून घ्या, आईचे नाव मात्र नोंदवलेले आहे का ते आजच पाहा. भविष्य निर्वाह निधीची चिंता नको. यूएएन क्रमांक तोच राहतो आणि रक्कम नव्या खात्यात वळवता येते, पण नोकरी बदलताना ती काढून मात्र घेऊ नका, कारण पाच वर्षांच्या सेवेआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवाही तुटते.

माझे मत स्पष्टच सांगतो : आठ हजारांच्या फरकासाठी जाऊ नका, वेगळे काम शिकायला मिळणार असेल तर जरूर जा. पुण्याच्या कंपनीला ईमेल करून लेखी विचारा की फक्त बिलिंग करायचे आहे की कॉस्टिंग (मालाचा उत्पादनखर्च काढणे) किंवा लेखापरीक्षणाच्या तयारीतही घेतले जाईल, २७ हजार ही हाती येणारी रक्कम आहे की कपातीआधीची, शनिवारी काम असते का, आणि आरोग्य विम्यात आईवडील धरले जातात का. पहिल्याच प्रश्नाला 'फक्त बिलिंग' असे उत्तर आले तर आभार मानून नकार कळवा आणि रिजेक्शनचा तक्ता घेऊन इथल्या मालकांना भेटा. कॉस्टिंगचे काम मिळत असेल तर होकार देण्यापूर्वी आईला सोबत घेऊन पुण्याला जा आणि राहण्याची जागा दोघींनी मिळून पाहून या.