‘सेक्युलर स्टॅग्नेशन’ म्हणजे मंदी नव्हे

प्रश्न असा आला आहे: विकसित देशांच्या अर्थव्यवस्थेवर लिहिताना ‘सेक्युलर स्टॅग्नेशन’ला ‘प्रदीर्घ मंदी’ म्हटलं तर चालेल का? आणि त्याच चर्चेत येणाऱ्या इमिग्रेशनला ‘स्थलांतर’ म्हणावं की ‘आप्रवासन’?

‘प्रदीर्घ मंदी’ चालणार नाही. अर्थव्यवस्थेचं कुठलंही दुखणं असो, त्याला ‘मंदी’ हेच नाव चिकटवायची जी सवय लागली आहे, तिचा मला मनापासून राग येतो. मंदी ही तेजीची जोडीदार. ती येते, उत्पादन घटतं, माणसांच्या नोकऱ्या जातात, मग ती ओसरते. स्टॅग्नेशनमध्ये घसरण असेलच असं नाही. वाढ होते, पण रखडत होते. व्याजदर तळाला नेले तरी नवे कारखाने काढायला पुरेशी कर्जं कुणी उचलत नाही. जपानच्या मध्यवर्ती बँकेनं १९९९ मध्ये दर जवळजवळ शून्यावर आणला, २०१६ मध्ये शून्याच्याही खाली नेला आणि उणे दर मागे घेतला तो थेट मार्च २०२४ मध्ये. या पाव शतकात मंदी कितीदा आली आणि गेली. रखडणं संपलं नाही. लॅटिन ‘स्टॅग्नम’ म्हणजे साचलेलं पाणी, तेव्हा ‘साचलेपण’ म्हणा. हा भाग सोपा आहे.

खरा ऐवज ‘सेक्युलर’मध्ये आहे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा त्याचा फार उशिरा आलेला अर्थ. मूळ लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे माणसाच्या आयुष्याची कमाल लांबी. एखाद्या घटनेच्या वेळी जिवंत असलेलं शेवटचं माणूस मेलं की एक सेक्युलम संपलं, अशी ही मोजणी. रोमन सम्राट ऑगस्टसनं इ.स.पू. १७ मध्ये ‘सेक्युलर क्रीडा’ भरवल्या. या उत्सवाची दवंडीच अशी असे की, हयात असलेल्या कुणीही जे पाहिलेलं नाही आणि पुन्हा पाहणार नाही, ते पाहायला या. पुढे सम्राट क्लॉडियसनं इ.स. ४७ मध्ये, म्हणजे घाईनं, त्या पुन्हा भरवल्या तेव्हा लोक हसले, कारण मागचा उत्सव पाहिलेले म्हातारे अजून होते. नंतर चर्चच्या लॅटिनमध्ये ‘या काळापुरतं, ऐहिक’ आणि तिथून पुढे ‘धर्माशी संबंध नसलेलं’ असा अर्थ झाला.

या शब्दाची व्युत्पत्ती काही जण ‘पेरणे’ अर्थाच्या धातूपासून लावतात: पेरलं, उगवलं, पिढी झाली. ऐकायला गोड आहे, पण शब्दातल्या जोडस्वराचा (saeculum मधल्या ae चा) हिशेब त्यातून नीट लागत नाही. ‘बांधणे’ अर्थाच्या धातूपासूनची व्युत्पत्ती मला निःसंशय सरस वाटते. वेल्श भाषेत आयुष्याला असलेला ‘होइडल’ हा शब्द तिच्या बाजूनं उभा आहे. आणि हाच धातू संस्कृतात ‘सि’ म्हणून आहे, सिनोति म्हणजे बांधतो. त्यापासून झाला ‘सेतु’! म्हणजे सेक्युलम आणि सेतु एका घरचे. आपला ‘युग’ही असाच, ‘युज्’पासूनचा, जोडणारा, ऋग्वेदात ‘मानुषा युगा’ येतं ते माणसांच्या पिढ्या या अर्थानं. काळाचं माप देताना दोन्ही भाषांनी माणसाला माणूस बांधण्याचीच कल्पना घेतली, यापेक्षा सुंदर पुरावा मला नको.

म्हणून माझा शब्द ‘पिढीव्यापी साचलेपण’. अर्थशास्त्रवाले लगेच सांगतील की तिथे सेक्युलर म्हणजे नुसतं ‘दीर्घकालीन’, पिढ्यांचा काही संबंध नाही. मग त्यांनी ही संज्ञा रुजवणारे अमेरिकी अर्थतज्ज्ञ ॲल्विन हॅन्सेन यांचं अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनमधलं १९३८ चं अध्यक्षीय भाषण पुन्हा वाचावं. त्याच्या शीर्षकातच आर्थिक प्रगतीच्या जोडीला लोकसंख्येची मंदावती वाढ आहे. अमेरिकेची लोकसंख्या १९२० ते १९३० या काळात सुमारे १.७ कोटींनी वाढली होती, पुढच्या दशकात जेमतेम ९० लाखांनी. जन्म कमी झाले होते आणि १९२४ च्या कायद्यानं बाहेरून येणाऱ्यांवर कडक कोटा बसवला होता. माणसं कमी म्हणजे घरं कमी, यंत्रं कमी, गुंतवणूक कमी, असा हॅन्सेन यांचा युक्तिवाद. युद्ध आणि त्यानंतरची जन्मांची लाट यांनी तो बाजूला पडला. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी २०१३ मध्ये ही संज्ञा पुन्हा वर काढली. ‘दीर्घकालीन’ म्हटलं की यातली माणसंच गळून जातात, आणि इमिग्रेशनचा वाद या विषयात का येतो तेही कळेनासं होतं. जिथे पुढची पिढी संख्येनं लहान आहे, तिथे बांधायला माणसं बाहेरून आणायची का, हाच तो वाद. येणारेही म्हातारे होतात, त्यामुळे एकदा आणून भागत नाही, हा त्यातला सर्वांत कठीण मुद्दा.

जपानमध्ये कामकरी वयाची लोकसंख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घटते आहे. एप्रिल २०१९ पासून तिथे ‘विशिष्ट कौशल्य’ या नावाचा नवा व्हिसा सुरू झाला, पण तो आणताना हे इमिग्रेशन धोरण नव्हे, असं तेव्हाचे पंतप्रधान आबे यांचं सरकार पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. शब्दाला सरकारंही एवढी घाबरतात.

‘आप्रवासन’ रचनेनं बरोबर आहे, पण मराठी वाचक ‘आप्रवासी’ला ‘प्रवास न करणारा’ असं वाचतो. ‘स्थलांतर’ देशातल्या देशातही होतं, तेव्हा एकदा ‘परदेशातून येऊन स्थायिक होणं’ असं लिहा आणि पुढे ‘स्थलांतरित’ खुशाल वापरा. मात्र कामासाठी आलेल्याला ‘निर्वासित’ लिहू नका. तो शब्द छळामुळे किंवा युद्धामुळे देश सोडावा लागलेल्यांचा आहे.