देवळासारखी दिसते ती नव्हे, तिच्या शेजारची

प्रश्न : माझी मुलगी येत्या सप्टेंबरात शिकायला इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला जाते आहे. तुम्ही तिथे आठ वर्षं होतात आणि मागच्या अंकात 'कौन्सिल हाऊससमोर बसून डबा खायचे' असं लिहिलं होतंत. हे कौन्सिल हाऊस म्हणजे आपली महापालिकाच का? बाहेरच्या माणसाला आत जाऊ देतात का? आणि माझ्या मुलीचा त्या जागेशी काही संबंध येईल का?
— एक आई

उत्तर : ताई, आधी इमारत ओळखायची कशी ते सांगते, कारण माझी तिथेच गफलत झाली होती. व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये उंच खांबांची, जुन्या रोमन देवळाच्या धर्तीवरची एक इमारत आहे. तिचं नाव टाउन हॉल. २००७ सालच्या नोव्हेंबरात, गावात नवी असताना, महापालिका बघायची म्हणून मी तिथेच गेले. पण १८३४ साली उघडलेला तो टाउन हॉल गाण्याबजावण्याचं सभागृह आहे. दारावरच्या माणसाने हात धरल्यासारखं मला चार पावलं बाहेर आणलं आणि शेजारच्या घुमटाच्या इमारतीकडे बोट दाखवलं. ते कौन्सिल हाऊस.

हो, आपली महापालिकाच म्हणा. तिची कोनशिला १८७४ साली जोसेफ चेंबरलेन यांनी बसवली आणि १८७९ मध्ये बांधकाम पुरं झालं. चेंबरलेन स्क्रूच्या कारखान्याचे भागीदार, पुढे शहराचे महापौर. १८७३ ते १८७६ या तीन वर्षांत त्यांनी खाजगी कंपन्यांकडून गॅस आणि पाणी दोन्ही शहराच्या मालकीचं करून घेतलं. मला सगळ्यात आवडते ती त्यानंतरची गोष्ट. शहराला चित्रसंग्रहालय हवं होतं, पण करदात्यांचे पैसे त्यावर खर्च करायला कायद्याची आडकाठी होती. मग गॅस कमिटीने मागच्या बाजूला स्वतःची कचेरी बांधली आणि चित्रांचं दालन तिच्या डोक्यावर चढवलं! १८८५ साली ते उघडलं. उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला बळ देतो, अशा अर्थाची ओळ तिथल्या दगडावर कोरलेली आहे. घराघरांतल्या गॅसच्या बिलातून उभं राहिलेलं ते संग्रहालय. तिथला नेहमीचा संग्रह आजही फुकट बघता येतो. मुलीला पहिल्याच महिन्यात जायला सांगा.

आणि हो, समोरच्या चौकातलं कारंजंही बघायला सांगा. १९९३ साली चौक नव्याने बांधला तेव्हा त्यातली ब्राँझची मोठी स्त्रीमूर्ती ध्रुव मिस्त्री यांनी केली. ते गुजरातचे, बडोद्याला शिकलेले. मी गेले तेव्हा पाणी वाहत होतं. नंतर गळतीमुळे ते बंद पडलं आणि २०१५च्या सुमारास हौदात फुलझाडं लावली गेली. पाणी परत आलं ते २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. कारंज्याच्या काठावर बसून मी डबा खायचे, तो याच चौकात. आपल्याकडच्या माणसाचं काम परगावात रोज डोळ्यांसमोर असणं याचा मला किती आधार वाटायचा, हे शब्दांत सांगणं कठीण आहे.

आता आत जाऊ देतात का? देतात. महासभा, म्हणजे पूर्ण कौन्सिलची बैठक, लोकांसाठी खुली असते. मी पहिल्यांदा गेले ती रात्रपाळी संपवून, दुपारी. (मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते.) दारात पिशवी तपासली, रुंद जिना चढून वर गेले, प्रेक्षकांच्या सज्जात बसले. सज्जात माझ्याशिवाय चौघं असतील-नसतील. एक आजोबा मांडीवर टोपी ठेवून बसले होते, हातात कार्यक्रमपत्रिका, आणि एकेक विषय संपला की ते पेन्सिलीने त्यावर बारीक खूण करत. खाली अर्धवर्तुळात लाकडी बाकं, मध्ये लॉर्ड मेयर, गळ्यात पदाची साखळी. तेव्हा १२० नगरसेवक होते, आता १०१ आहेत.

मी वाट बघत होते मोठ्या भाषणांची. पण मला लक्षात राहिली ती एका नगरसेविकेने उभं राहून दिलेली विनंती. शाळेजवळ रस्ता ओलांडायला पट्टे हवेत म्हणून तिच्या प्रभागातल्या लोकांनी सह्या केल्या होत्या. तिने रस्त्याचं नाव घेतलं, सह्या किती ते सांगितलं, कागदांचा गठ्ठा पुढे दिला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. शेजारच्या आजोबांनी खूण केली. मी त्या रस्त्यावर राहत नव्हते, माझं तिथे मूल नव्हतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. कोणीतरी घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्या त्या भल्या मोठ्या दालनात पोचल्या होत्या, आणि मी सज्जात बसून ते बघू शकत होते. त्यासाठी मला कोणाची ओळख लागली नव्हती.

तुम्ही आपल्या महापालिकेशी तुलना विचारलीत, म्हणून एक फरक सांगते. आपल्याकडे प्रशासनाच्या किल्ल्या आयुक्तांच्या हातात असतात, आणि ते राज्य सरकारने नेमलेले असतात. तिथे लॉर्ड मेयरचं पद मानाचं, वर्षभराचं. कारभार चालवतो तो निवडून आलेल्यांमधला 'लीडर' आणि त्याचं मंत्रिमंडळासारखं मंडळ. अधिकारी असतात, पण चुकलं तर लोक लीडरला धरतात. मला ही पद्धत जास्त सरळ वाटते.

सगळं छान आहे असं मात्र मी सांगणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये याच कौन्सिलने कलम ११४ची नोटीस काढली. अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद, असा तिचा अर्थ. महिला कामगारांच्या समान वेतनाच्या थकलेल्या दाव्यांचा बोजा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्या बायकांच्या हक्काचे पैसे वेळच्या वेळी दिले असते तर शहरावर ही पाळी इतक्या जोरात आली नसती, असं माझं ठाम मत आहे. २०२४ला कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ असतो, पण त्यासाठी विद्यापीठाचं प्रमाणपत्र मागू शकतात. बिल आलं तर घाबरू नये, फेकूनही देऊ नये.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मुलीचा संबंध येईल का? ताई, येतो, आणि तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे रीतसर व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदान करता येतं, कौन्सिलच्या निवडणुकीत आणि संसदेच्याही. वय १८ पूर्ण हवं आणि मतदार यादीत नाव हवं, एवढंच. मला हे एका सहकारी नर्सने सांगितलं तेव्हा खरं वाटेना. मे २००८ला मी मत दिलं. केंद्र एका प्राथमिक शाळेत होतं, भिंतीवर मुलांनी रंगवलेली कागदी फुलपाखरं. फळ्यांच्या आडोशात दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल होती, तिने नावासमोर फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. बाहेर आल्यावर सवयीने मी बोटाकडे बघितलं. शाई लावत नाहीत तिथे. मग आईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तू तिथली झालीस का?" मी म्हटलं, "नाही गं, पण या गावात राहते ना."

मुलगी पोचली, पत्ता पक्का झाला, की तिला नाव नोंदवायला लावा; ऑनलाइन होतं. मतदान सकाळी सात ते रात्री दहापर्यंत असतं, तेव्हा लेक्चरची अडचण नाही. २०२३पासून इंग्लंडमध्ये केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, तो घरी ठेवून जाऊ नको म्हणावं.