उलटं चालायला लाव

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टॅपिंगवरच्या, म्हणजे भट्टीचं तोंड फोडून वितळलेला धातू काढणाऱ्या, त्या भाऊंच्या रक्तातलं मॅंगनीज ‘नॉर्मल’ आलं, डॉक्टरांनी फाइल मिटवली, तुला मात्र त्यांची चाल खटकते. रिपोर्टवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर, असं विचारतेस. सेफ्टी ऑफिसरनं हे विचारावं? थोडा रागावलोच. मग आठवलं, तुझ्या वयात मी तर विचारलंही नव्हतं.

त्यांना उलटं चालायला लाव. सपाट जागा बघ, मागे एक माणूस उभा ठेव, दहा पावलं पुरे. सरळ चालताना माणूस कसंबसं निभावून नेतो. मॅंगनीज डोक्यात बसलं असेल, तर उलटं पाऊल टाकताना तो ओंडक्यासारखा मागे कलतो.

रक्त फक्त अलीकडचा हिशेब सांगतं. दहा वर्षं भट्टीचा धूर ओढलेल्या माणसाचं रक्त महिनाभराच्या रजेनंतर काढलंस तर काय दिसणार? लघवी तर त्याहून बिनकामाची, कारण मॅंगनीज पित्तावाटे शौचातून जातं. अख्ख्या पाळीच्या सरासरीसाठी रक्त ठीक आहे. एका माणसाचा निकाल त्यावर लावू नये.

‘तो पितो हो,’ असंही तुला ऐकवलं असेल. पीत असेल तर जास्त काळजी घे! मॅंगनीज बाहेर काढण्याचं काम यकृताचं. तेच बिघडलं तर ते जाणार कुठून? क्रशरखाली झाडणाऱ्या कंत्राटी बायांचं हिमोग्लोबिनही बघून घे. अंगात लोह कमी असलं की आतडी मॅंगनीज जास्त ओढून घेतात.

आमच्याकडे एक टॅपर होता. विनाकारण हसायचा, मयतीतसुद्धा. टाकून येतो, असं सगळे म्हणायचे. कामावर मद्यपान केल्याचा मेमो निघाला, साक्षीदार म्हणून सही माझी. पुढे मस्टर चाळताना दिसलं: जानेवारीत रकान्याबाहेर जाणारी त्याची सही दिवाळीपर्यंत मुंगीएवढी झाली होती, शेवटची अक्षरं एकमेकांत घुसलेली. ते मस्टर रोज माझ्याच टेबलावर यायचं.

तेव्हा कुणाला माहीत होतं, असं म्हणू नकोस. १८३७ साली ग्लासगोच्या जेम्स कूपरनं ब्लीचिंग पावडरसाठी मॅंगनीजची काळी भुकटी दळणाऱ्या मजुरांचे पाय कसे लुळे पडतात ते लिहून ठेवलंय. हात कापत नव्हते, हेही टिपलंय. १९४८च्या कारखाने कायद्यानं ही विषबाधा सरकारला कळवायच्या रोगांत घातली. ती यादी मला पाठ होती, परीक्षेपुरती. पण नोकरी कच्ची होती, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, मेमोवर सही केली नसती तर... असो. ही कैफियत मी बत्तीस वर्षं स्वतःलाच ऐकवतोय.

उलटं चालायला लाव म्हणतो ते यासाठी. त्याला ना मशीन लागतं, ना कुणाची परवानगी. तोल गेला तर त्यांना त्याच दिवशी भट्टीवरून हलव आणि नागपूरला एमआरआय करून घे, तोही लवकर. मेंदूच्या आतल्या गाभ्यात मॅंगनीज पांढरं चमकतं. धुरातून बाहेर काढलं की काही महिन्यांत ती चमक विरते, चाल मात्र सुधारेलच असं नाही. उशिरा काढलेली कोरी फिल्म कंपनीच्या फाइलीत फार शोभून दिसते! पार्किन्सन, म्हणजे कंपवात, म्हणून डॉक्टर गोळ्या सुरू करतील. त्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही, हे न्यूरोलॉजिस्टकडूनच लिहून घे.

हवेचं माप सॅम्पलर कॉलरला लावूनच घे, पूर्ण पाळीभर. ऑफिसच्या खिडकीत ठेवलेलं यंत्र साहेबांचाच श्वास मोजतं. आपल्या कारखाने कायद्यानं धुरातल्या मॅंगनीजसाठी घनमीटरला १ मिलिग्रॅम चालवून घेतला होता. अमेरिकेतल्या आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१३ साली फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी ०.०२ सुचवला. तेव्हा ‘मर्यादेत आहे’ ऐकून गप्प बसू नकोस. तोंडाला बांधलेल्या रुमालाबद्दल तर मी बोलतच नाही.

आणि त्यांच्या घरी जा. चाल, सही याबद्दल वहिनींना काही विचारू नकोस, घाबरतील. सकाळी शर्टाची बटणं कोण लावतं, एवढंच विचार. दुसऱ्या पाळीला असतील तर दोनच्या आत गाठ.

तुझा,
काका