जेम५ या कॉम्प्युटर सिम्युलेटरमध्ये लिनक्स बूट करून चेकपॉइंट (त्या क्षणाची साठवलेली स्थिती) घ्यायचाय, मोजमाप ओ३ या तपशीलवार पण संथ सीपीयू मॉडेलवर आहे. बूटही ओ३वरच करू का?

नको, बूट आणि चेकपॉइंट अ‍ॅटॉमिक सीपीयू या साध्या, वेगवान मॉडेलवर, कॅशे न जोडता घ्या. ओ३ रिस्टोअर करताना लावा. चेकपॉइंटमध्ये रजिस्टर, मेमरी आणि डिव्हाइसची स्थिती जाते. पाइपलाइन, ब्रँच प्रेडिक्टर किंवा क्लासिक कॅशेमधलं काही टिकत नाही, त्यामुळे ओ३वर तासन्‌तास बूट करून हाती काहीच लागत नाही. होस्ट (तुमचं मशीन) आणि गेस्ट (सिम्युलेट होणारं मशीन) यांचा आयएसए, म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट, एकच असेल तर केव्हीएम (गेस्टचा कोड थेट होस्टच्या प्रोसेसरवर चालवणारं मॉडेल) अ‍ॅटॉमिकहूनही कितीतरी वेगवान. रिस्टोअर करताना कोअरची संख्या आणि मेमरीचा आकार मात्र तोच ठेवा. कॅशे रिकाम्या असतात, म्हणून आधी काही कोटी इन्स्ट्रक्शन वॉर्मअपला चालवा, मग स्टॅट्स रिसेट करा. नाहीतर सुरुवातीच्या कॅशे मिसेसमुळे आयपीसी (दर सायकलला पूर्ण होणाऱ्या इन्स्ट्रक्शन) उगाच कमी दिसतो.