बीडहून गाडीमागे जोडलेल्या कॅराव्हॅनने पंधरा दिवसांच्या प्रवासाला निघताना जड सामान कोठे ठेवावे?

जड सामान तळाशी, चाकांच्या आसाजवळ ठेवावे आणि वरच्या कप्प्यांत केवळ कपडे व अंथरूण-पांघरूण भरावे. ज्वारीच्या पिठाचा डबा, हत्यारांची पेटी असे वजन मागच्या टोकाला गेले, की जोडणीवरचा भार कमी होऊन कॅराव्हॅन वेगात डोलू लागते. हा भार कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के असावा, मात्र उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडू नये. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, म्हणून टाकीत ६० लिटर पाणी असल्यास तेही हिशेबात धरावे. एरवी टाकी रिकामी ठेवून निघणे सोयीचे असते, परंतु एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात वाटेत पाणी मिळेलच असे गृहीत न धरता, दुसरे सामान कमी करून पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.