गूगलला तुमचं पान वाचता येतं का?

गाव बदलतं, धंदा बदलतो, प्रश्न मात्र तोच : ‘आमची साइट गूगलवर वर का येत नाही?’ आणि सोबत कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेला एखादा उपाय. तेच गैरसमज पुन्हा पुन्हा येतात, म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. साइट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, तेव्हा ही उत्तरं दिशा कळण्यापुरतीच समजावीत.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. साइटच्या ‘मेटा कीवर्ड’मध्ये किती शब्द घालावेत? पुतण्या म्हणतो पन्नास, साइट करणारा म्हणतो शंभर. (दापोली)

शून्य. क्रमवारी ठरवताना हा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडलेली शब्दांची यादी, आपण बघतच नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलं आहे. पुतण्याला खोल्यांचे नीट फोटो काढायला सांगा.

प्रश्न : माझ्या मोबाइलवर आमची साइट पहिली दिसते, मेहुण्याच्या मोबाइलवर दुसऱ्या पानावर. खरं काय? (नाशिक)

दोन्ही. शोधणारा कुठे आहे आणि त्याने आधी काय शोधलंय, त्यावर निकाल बदलतात. स्वतःची साइट दिवसातून दहादा शोधणं सोडा आणि गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात आपल्या साइटचा सरासरी क्रमांक पाहा. ते फुकट आहे.

प्रश्न : गूगलला जाहिरातीचे पैसे दिले की फुकटातली जागाही वर सरकते, असं आमचा एजंट सांगतो. (डोंबिवली)

सरकत नाही. एजंटाचं कमिशन तेवढं सरकतं.

प्रश्न : आमचा हळद-बेदाण्याचा व्यापार आहे. ‘तीन महिन्यांत पहिला नंबर, नाहीतर पैसे परत’ अशी हमी एक एजन्सी देते आहे. पॅकेजमध्ये ५०० बॅकलिंक आहेत. घ्यावं का? (सांगली)

घेऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाही देता येत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर स्वच्छ लिहून ठेवलं आहे. मग ही मंडळी कशाच्या जोरावर हमी देतात? करारातले शब्द वाचा. हमी बहुतेक वेळा कुणीच शोधत नाही अशा शब्दांची असते. तुमच्या पेढीचं नाव, त्यापुढे गाव, त्यापुढे ‘ऑरगॅनिक एक्स्पोर्टर’ एवढं टाइप केल्यावर तुम्ही पहिले नाही येणार तर कोण येणार? त्यांना विचारा, ‘हळद होलसेल दर’ शोधल्यावर कितव्या नंबरवर आणाल? फोन आपोआप कट होईल.

आता लिंकांबद्दल. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये गूगलचा पाया घातला तेव्हा मूळ कल्पना अशी होती, की दुसऱ्या साइटने तुम्हाला दिलेली लिंक ही तुमची शिफारस. लगेच शिफारशींचा बाजार भरला. २०११मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीसाठी जागोजागी पेरलेल्या हजारो लिंका ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीला आणल्या आणि गूगलने कंपनीला निकालांत खाली ढकललं. पुढच्या वर्षी ‘पेंग्विन’ नावाचा बदल खास अशा लबाडीवर आला. आज विकतच्या बहुतेक लिंकांकडे गूगल सरळ दुर्लक्ष करतं, म्हणजे पैसे पाण्यात. कारवाई झालीच, तर निस्तरायचं तुम्हाला. एजन्सी तोवर दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेलेली असते.

त्यापेक्षा गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर काय विचारतं ते आठवा. राजापुरी आणि सेलम हळदीत फरक काय? पॉलिश केलेली का घ्यावी? बेदाण्याची प्रत कशी ओळखायची? सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्याबद्दल तुमच्या साइटवर दोन ओळी तरी आहेत का? हे लिहा. एजन्सी नेमायचीच असेल, तर डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि सर्च कन्सोलची मालकी तुमच्या नावावर असल्याची खात्री करा, आणि सही करण्याआधी करार त्या एजन्सीशी संबंध नसलेल्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : आमची संस्था जुनं मासिक चालवते. पंचवीस वर्षांचे अंक पीडीएफ करून साइटवर टाकले, पण लेखाचं शीर्षक जसंच्या तसं टाकलं तरी गूगल तो दाखवत नाही. रँकिंग कसं वाढवावं? (सातारा)

रँकिंगचं नंतर पाहू. तुमचे लेख गूगलच्या दृष्टीने मराठीत आहेत का, ते आधी पाहा. कुठलाही अंक संगणकावर उघडा, चार ओळी निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर माझी शंका मागे घेतो. रोमन अक्षरं, कंस, अधोरेखा आणि डॉलरच्या खुणांची खिचडी आली, तर अंक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. आणि ओळी निवडताच आल्या नाहीत, तर ते पान म्हणजे नुसता फोटो.

या जुन्या फॉन्टांची करामत अशी, की फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि खुणा. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी ‘म’ किंवा ‘ठ’चं चित्र काढतो. कागदावर छापायला ते पुरेसं होतं. गूगल चित्र बघत नाही, फाइलमधली अक्षरं वाचतं. म्हणजे तुमच्या संपादकांनी पंचवीस वर्षं मराठीत लिहिलं आणि शोधयंत्रापुढे ठेवला कचरा. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं गूगल कधीकधी ओळखतं, पण पिवळ्या पडलेल्या कागदावरच्या जोडाक्षरांसाठी त्यावर विसंबू नका.

याची मला चीड येते, कारण ही अडचण कधीच मागे पडायला हवी होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे. तरी पतसंस्थेचे अहवाल, दिवाळी अंक, गावोगावच्या इतिहासाच्या पुस्तिका अजून जुन्याच फॉन्टात जुळवल्या जातात, कारण ‘ऑपरेटरला तेच येतं’ आणि ‘छपाई छान दिसते’. दिसू दे की! छापखान्याला हवा तो फॉन्ट द्या, साइटवर युनिकोड टाका. आणि व्याख्यानाचं निमंत्रण, वक्त्याचं नाव, तारीख, सभागृह, सगळं एका जेपीजीत कोंबून टाकायची सवय तेवढी बंद करा. त्या तारखेला त्या गावात काय आहे असं कुणी शोधलं, तर तुमचा कार्यक्रम त्याला सापडणार कसा?

आता काम. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात, पण मूळ फॉन्ट नेमका कोणता हे आधी कळलं पाहिजे. तुमच्या जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. रूपांतर झालं की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्हास’मधला ‘ऱ्ह’ मोडतो, पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि लेखात मधेच आलेले इंग्रजी शब्द अगम्य मराठी होऊन बाहेर पडतात. मूळ अंक शेजारी ठेवून मुद्रितशोधन करावंच लागेल. सगळे अंक एकदम नकोत. वाचक ज्यांची चौकशी करतात अशा लेखांपासून सुरुवात करा. प्रत्येक लेखाला स्वतंत्र पान द्या. वर लेखाचं नाव, लेखकाचं नाव, अंकाचा महिना-वर्ष. ‘अंक फायनल न्यू २’ हे पानाचं शीर्षक नव्हे. बरेच मराठी लोक मराठी नावंही रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, म्हणून लेखकाचं नाव खाली एकदा रोमन लिपीतही असू द्या.

आणि सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट. जुने लेख नव्या स्वरूपात प्रसिद्ध करायचा हक्क संस्थेकडे आहे की लेखकाकडे, हे वकिलाला विचारून घ्या.

प्रश्न : आमचं मिसळीचं दुकान आहे. गूगल मॅपवर दुकानाच्या नावापुढे ‘बेस्ट मिसळ नियर मी’ जोडलं, तर आठवड्यात प्रोफाइल बंद झालं. समोरच्याने तर रिव्ह्यू विकत घेतलेत, त्याचं चालू आहे. (कोल्हापूर)

दुकानाच्या पाटीवर ‘नियर मी’ लिहिलंय का? नाही ना? मग प्रोफाइलवरही नको. तिथे पाटीवरचंच नाव चालतं, हा नियम आहे. नकाशातला क्रम ठरताना तीन गोष्टी बघतात : शोधलेल्या गोष्टीशी दुकानाचा संबंध, अंतर आणि दुकानाची ख्याती. अंतर तुमच्या हातात नाही. नाव सुधारा, परवान्याची प्रत आणि पाटीचा फोटो तयार ठेवून प्रोफाइल परत सुरू करण्याचा अर्ज करा. त्या भरात दुसरं प्रोफाइल उघडू नका, गुंता वाढतो. समोरच्याची तक्रार गूगलकडे करता येते. रिव्ह्यूच्या बदल्यात जादा पाव देणंही नियमात बसत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

प्रश्न : एआयकडून रोज दहा आरोग्यलेख लिहून घेतले तर दवाखान्याची साइट वर येईल का? (ठाणे)

केवळ क्रमवारीसाठी घाऊक मजकूर ओतणं, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, हे मार्च २०२४पासून गूगलच्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे बसतं. आणि हा आरोग्याचा मजकूर आहे. डॉक्टरांनी वाचून सही केल्याशिवाय एकही लेख टाकू नका, रँकिंग गेलं चुलीत.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी कारखान्याची साइट नवी करून घेतली. तेव्हापासून चौकशा जवळजवळ बंद आहेत. डेव्हलपर म्हणतो, ‘गूगलला वेळ लागतो.’ अजून किती थांबावं? (छत्रपती संभाजीनगर)

सहा महिने थांबलात हेच जास्त झालं. नव्या साइटला वेळ लागतो हे खरं, पण चालू साइट नवी केल्यावर चौकशा आटल्या तर पहिल्या आठवड्यातच ओरडायचं असतं.

दोन गोष्टी तपासा. साइट वर्डप्रेसमध्ये असेल, तर सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ विभागात शोधयंत्रांना ‘येऊ नका’ सांगणारी एक चौकट असते. काम चालू असताना डेव्हलपर तिच्यावर टिक करतात आणि साइट सुरू करताना काढायला विसरतात. दुसरं, जुन्या पानांचे पत्ते. जुन्या साइटवरचं उत्पादनाचं पान आता ‘सापडत नाही’ म्हणत असेल, तर त्याने कमावलेलं सगळं गेलं. प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ रिडायरेक्टने वळवावा लागतो, आणि तो किमान वर्षभर तरी ठेवा असं गूगल सांगतं. सगळे पत्ते मुख्य पानाकडे वळवून हात झटकायचे नाहीत.

कुठले पत्ते तुटले ते सर्च कन्सोलमध्ये दिसेल. ती यादी घेऊन दुसऱ्या एखाद्या अनुभवी डेव्हलपरला दाखवा, त्याच डेव्हलपरला नव्हे. त्याआधी होस्टिंगवाल्याला आजच फोन करून जुन्या साइटचा बॅकअप अजून शिल्लक आहे का ते विचारा. असला तर तो पुसू नये असं ईमेलने कळवा. तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही.