बायकोची भिशी बंद करून एसआयपी सुरू करावी का?

तुम्ही विचारलंय, "बायको महिना 2,000 ची भिशी भरते, 12 जणी आहेत, व्याज शून्य. तिला एसआयपीकडे कसं वळवू?"

वळवू नका. आधी हिशोब करा. अगदी शेवटचा नंबर लागला तरी 6 टक्क्यांच्या आरडीच्या मानाने तिचं नुकसान साधारण 660 रुपये. पहिला लागला तर 24,000 हातात, त्यातले 22,000 इतरांचे, बिनव्याजी. तेवढेच महिना शेकडा 3 व्याजाने बाहेरून उचलून महिना 2,000 फेडले तर व्याजाचे 3,960 जातात.

भिशी म्हणजे बायकांचा टाइमपास, असं म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलेय. डब्यातले पैसे दिराच्या गाडीला, तुमच्या पेट्रोलला जातात. "भिशीचे आहेत" म्हटलं की कुणी हात लावत नाही. कैरोतल्या बायका अशीच भिशी गमइया नावाने चालवतात, इथिओपियात तिला इक्कुब म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल; तिथले काही गट तर फक्त डिसेंबरच्या किराण्यासाठी वर्षभर पैसे साठवतात. बाईचा पैसा घरात टिकत नाही, हे या सगळ्याजणी ओळखून आहेत.

भिशी बुडते ती लवकर उचललेल्या नंबराने. दुसऱ्या महिन्यात उचललेली पाचव्याला म्हणते, "पुढच्या वेळी दोन एकदम देते." तिथेच अडवायचं, कारण सातव्याला तिच्याकडे तीन थकतात आणि ती फोन उचलत नाही. म्हणून नव्या बाईला शेवटचे नंबर. एका घरातल्या दोघी लागोपाठ नकोत, एक अडली की दोन्ही अडतात. तारीख 7 किंवा 10, म्हणजे पगार झालेले असतात. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी काढून 12 नंबर वहीत लिहायचे, समोर सही. नंबर बदलायचा तर दोघींनी सर्वांसमोर सांगायचं. कुणाचा हप्ता चुकला की तो वसुली करणारीच्या अंगावर पडतो, तेव्हा "नाही" म्हणायला ती तिथेच शिकते. पैसे मागायची लाज तिथेच जाते.

एसआयपी हवीच असेल तर तुमच्या पगारातून तिच्या नावाने करा.

एक मात्र बघा. अनोळखी माणसाची लिलावाची भिशी असेल, जिथे अडलेली बाई 24,000 ची भिशी 20,000 वर उचलते, तर ती चालवणाऱ्याकडे 1982 च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा. नसेल तर पुढच्या फेरीत तिने नाव देऊ नये. पण चालू फेरीत तिचा नंबर लागून गेला असेल तर उरलेले हप्ते भरूनच उठायचं.